ट्रकचे रूट सॉल्व्हरला देतो, मग टॅक्सचे स्लॅब का नाही?

आमच्याकडच्या एका ज्युनिअरने विचारलेला प्रश्न आहे. त्याचं म्हणणं असं की आपण जेएनपीटी बंदरातून निघणाऱ्या कंटेनरचे रूट सॉल्व्हरला, म्हणजे दिलेल्या अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला देतो, भिवंडीच्या गोदामातला माल कुठे जाणार ते देतो, ड्रायव्हरच्या ड्युट्या देतो, मग इन्कम टॅक्सचे स्लॅब आणि रेट का देत नाही? देशभराचा डेटा टाकायचा, रन करायचं, सगळ्यात बेस्ट टॅक्स सिस्टीम हातात. प्रश्न चांगला आहे, दोन वाक्यांत संपणारा नाही, म्हणून त्यालाच उद्देशून सविस्तर लिहितेय. मी वीसेक वर्षं ऑप्टिमायझेशनच करतेय, आधी महापे-तुर्भे पट्ट्यात लॉजिस्टिक्ससाठी आणि नंतर कर आणि महापालिकांच्या महसुलाच्या मॉडेलवर, त्यामुळे दोन्हीकडचं काम जवळून बघितलंय.

तर उत्तर हो आहे. स्लॅब सॉल्व्हरला देता येतात, जगात देतातही. पण बाहेर "बेस्ट टॅक्स" येत नाही. बाहेर येते ती तू घातलेल्या प्रत्येक अटीची किंमत, रुपयांत. अमुक आश्वासन पाळायचं तर त्याला किती कोटी लागतील आणि ते कोणाच्या खिशातून जातील, हे कळतं. माझ्या मते टॅक्सच्या चर्चेत आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट मिसिंग असते, त्यामुळे हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं.

ट्रक आणि टॅक्समध्ये दोन फरक आहेत, ते आधी डोक्यात पक्के कर. पहिला म्हणजे किलोमीटर कमी, डिझेल कमी, वेळेत डिलिव्हरी, यावर मालक, ड्रायव्हर, कस्टमर सगळ्यांचं एकमत असतं. टॅक्समध्ये "चांगलं" म्हणजे काय यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, गरिबाच्या हातात गेलेला एक रुपया श्रीमंताच्या रुपयापेक्षा किती जास्त मोलाचा मानायचा हे गणित ठरवू शकत नाही, ते आकडे माणसानेच भरायचे असतात. दुसरा फरक असा की कंटेनरला तू कुठल्या रस्त्याने पाठवतोयस हे कळत नाही, माणसाला कळतं, तू रेट बदललास की तो वागणं बदलतो. बिल पुढच्या वर्षावर ढकलतो, पगाराऐवजी दुसऱ्या रूपात पैसे घेतो, बायकोच्या नावावर एफडी करतो, दुकानाचे दोन जीएसटी नंबर काढतो. म्हणजे ज्या डेटावर तू मॉडेल चालवलंस तो डेटाच तुझ्या उत्तरामुळे बदलतो.

आता मॉडेल मांडतात कसं ते सांगते. आधी कुटुंबांचा नमुना लागतो आणि त्या प्रत्येक कुटुंबावर आजचे नियम लावून आजचा कर काढणारं एक कॅल्क्युलेटर लागतं, याला मायक्रोसिम्युलेशन म्हणतात. युरोपियन युनियनकडे युरोमॉड आहे, अमेरिकेत एनबीईआर या आर्थिक संशोधन संस्थेचं टॅक्ससिम आहे. आपल्याकडे अडचण इथेच सुरू होते. इन्कम टॅक्स खातं उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार आकडे प्रसिद्ध करतं पण त्यात कुटुंब दिसत नाही, आणि २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात २ लाख ६१ हजारांहून जास्त कुटुंबं आहेत, त्यात कुटुंब दिसतं, खर्च दिसतो, पण ते सर्वेक्षण उत्पन्नाचं नाही. हे दोन जुळवायचे म्हणजे हातानं विणकाम आहे, आणि प्रोजेक्टचा मोठा वेळ त्यातच जातो, सॉल्व्हरपर्यंत पोचायलाच उशीर होतो.

एकदा नमुना तयार झाला की पुढचं तुझ्या ओळखीचं आहे. स्लॅबच्या सीमा आधीच ठरवून टाकल्या आणि फक्त रेट मोकळे ठेवले तर प्रत्येकाचा कर त्या रेटमध्ये सरळ लिनिअर होतो, म्हणजे नुसत्या गुणाकार-बेरजेने निघतो. पहिले ४ लाख करमुक्त धरले तर १४ लाख टॅक्सेबल असलेल्या माणसाचा कर म्हणजे ४ लाख गुणिले पहिला रेट, अधिक ४ लाख गुणिले दुसरा, अधिक २ लाख गुणिले तिसरा, बस. लाखभर कुटुंबं घेतली तरी हा लिनिअर प्रोग्रॅम लॅपटॉपवर हाय्स (HiGHS) सारख्या फुकट सॉल्व्हरने सुटतो. सीमाही सॉल्व्हरनेच निवडायच्या असतील किंवा अमुक वजावट ठेवायची की काढायची हे विचारायचं असेल तर शून्य-एकचे बायनरी व्हेरिएबल येतात आणि वेळ वाढतो, पण तेही करता येतं. मग कन्स्ट्रेन्ट म्हणजे अटी घालायच्या. एकूण महसूल आजच्या इतका राहिला पाहिजे, उत्पन्न वाढेल तसा सरासरी रेट खाली येता कामा नये, खालच्या गटातल्या कोणाचं अमुक रकमेपेक्षा जास्त नुकसान नको, आणि कोणाचाच मार्जिनल रेट म्हणजे पुढच्या कमावलेल्या रुपयावर जाणारा कर अमुक टक्क्यांच्या वर नको. तू जी अट लिहायला विसरशील ती सॉल्व्हर मोडणारच, हे तुला रूटिंगमधून माहीतच आहे, ड्रायव्हरच्या जेवणाची सुट्टी लिहिली नाही तर तो ती देत नाही, इथे "उत्पन्न सारखं असेल तर कर सारखा" हे लिहिलं नाही तर तो दोन सारख्या माणसांना वेगळा कर लावून मोकळा होतो.

आता सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, २०२५-२६ पासूनची नवी रेजिम. ४ लाखांपर्यंत शून्य, पुढे दर ४ लाखांना ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांच्या वर ३०. शिवाय १२ लाखांपर्यंत टॅक्सेबल असेल तर ६० हजारांचा रिबेट, म्हणजे कर शून्य. नोकरदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, म्हणून आपल्याकडे ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये सगळे "पावणेतेरा लाखांपर्यंत झीरो" असं म्हणतात. हे सगळं ठीक. पण १२ लाखांच्या एक रुपया पुढे गेलं तर रिबेट जाऊन ६० हजार अंगावर येऊ नयेत म्हणून मार्जिनल रिलीफ दिलाय, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढे कमावलेस तेवढाच जास्तीत जास्त कर. आता याचा अर्थ काय ते बघ. पगार १२ लाख ७५ हजार असेल तर कर शून्य. पगार १३ लाख झाला तर टॅक्सेबल १२ लाख २५ हजार, कर २५ हजार, त्यावर ४ टक्के सेस १ हजार, हातात उरले १२ लाख ७४ हजार. पगार २५ हजारांनी वाढला आणि हातातले पैसे १ हजाराने कमी झाले. पगार १३ लाख ४५ हजार झाला तर कर आणि सेस मिळून ७२ हजार ८००, हातात १२ लाख ७२ हजार २००. म्हणजे या पट्ट्यात मार्जिनल रेट १०४ टक्के आहे. देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचा नव्या रेजिममध्ये सरचार्ज आणि सेस धरून ३९ टक्के होतो, आणि घणसोलीत भाड्याने राहणाऱ्या, पहिलं बऱ्यापैकी इन्क्रिमेंट मिळालेल्या पोराचा १०४. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही. एक आश्वासन होतं, "१२ लाखांपर्यंत शून्य", आणि त्या आश्वासनाच्या कडेला काय होतं ते असं दिसतं.

हाच प्रश्न सॉल्व्हरला घाल. अट एक, १२ लाखांना शून्य कर. अट दोन, आज ज्यांचा कर जेवढा आहे त्याच्या वर कोणाचाही जायला नको. अट तीन, या पट्ट्यात मार्जिनल रेट ४० टक्क्यांच्या वर नको. सेस बाजूला ठेवून गणित केलं तर उत्तर असं येतं की रिबेट एकदम न काढता हळूहळू काढायचा आणि तो १४ लाख ४० हजारांपर्यंत संपतो, तिथे ४० टक्क्यांनी आलेला कर ९६ हजार आणि नेहमीच्या स्लॅबने येणाराही ९६ हजार, दोन्ही रेषा जुळतात. ३० टक्क्यांची मर्यादा घातलीस तर रिबेट १६ लाखांपर्यंत ओढावा लागतो. २५ टक्क्यांची घातलीस तर थेट २० लाखांपर्यंत. पट्टा जितका सौम्य तितका लांब, आणि जितका लांब तितक्या जास्त लोकांना थोडी थोडी सूट, म्हणजे तिजोरीला तितका खड्डा. ही तीन टोकं आणि त्यांच्या मधले बिंदू जोडले की एक वक्ररेषा मिळते, आडवा अक्ष मार्जिनल रेटची मर्यादा आणि उभा अक्ष गेलेला महसूल. त्या पट्ट्यात किती करदाते आहेत हे इन्कम टॅक्स खात्याला माहीत असतं, त्यामुळे त्यांना ही रेषा कोटी रुपयांत काढता येते. मर्यादा एक टक्क्याने खाली आणली की महसूल किती कोटींनी घटतो, तीच त्या अटीची शॅडो प्राइस. रूटिंगमध्ये आपण "अजून एक ट्रक मिळाला तर किती वाचतील" हे ज्या आकड्यावरून सांगतो तोच हा आकडा, फक्त इथे ट्रकच्या जागी जनतेला दिलेला शब्द आहे.

आणि आता तू चौथी अट घाल की महसूल एक रुपयाही कमी व्हायला नको. सॉल्व्हर म्हणेल इन्फीझिबल, म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळणारं उत्तरच नाही. म्हणणारच, कारण महसूल तेवढाच आणि कोणाचंही नुकसान नाही या दोन अटी एकत्र आल्या की माणसांचं वागणं तेच धरलं तर कोणाचा फायदाही होऊ शकत नाही, बेरीज शून्य आहे. याला कुठला सॉल्व्हर लागत नाही, पाटीवर होतं, पण प्रत्येक चर्चेत, प्रत्येक टीव्ही पॅनेलवर या दोन अटी एकाच श्वासात मागितल्या जातात. वागणं तेच धरलं तर कोणतीही करसुधारणा म्हणजे एकतर पैसे ओतायचे, नाहीतर कोणाचं तरी नुकसान मान्य करायचं. २०२५ च्या बजेटमध्ये पैसे ओतले, अर्थमंत्र्यांनी भाषणात प्रत्यक्ष करांतले साधारण १ लाख कोटी सोडतोय असं सांगितलं. २०२० मध्ये तिसरी वाट काढली होती, जुनी रेजिम तशीच ठेवून शेजारी नवी उभी केली आणि ज्याला जी परवडेल ती निवडा म्हटलं. त्यामुळे कोणाचंच नुकसान झालं नाही हे खरं, पण प्रत्येकजण स्वतःला स्वस्त पडेल तीच निवडणार म्हणजे महसूल गेला, आणि शिवाय दरवर्षी दोन्ही रेजिमचं गणित करत बसायचं काम कोट्यवधी लोकांच्या मागे लागलं. किंमत दिलीच, फक्त ती वेगळ्या खात्यात दिली.

नियम कमी करणं हेही ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे सॉल्व्हरला दिलेलं उद्दिष्ट, होऊ शकतं आणि मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो. प्रत्येक वजावटीला एक बायनरी व्हेरिएबल द्यायचा, ८०सी, ८०डी, एचआरए, एलटीए वगैरे, आणि सॉल्व्हरला म्हणायचं की कमीत कमी वजावटी ठेव, पण कोणाचा कर अमुक रकमेच्या वर वाढू देऊ नकोस. मग कळतं कुठली वजावट खरंच वजन पेलतेय आणि कुठली नुसती सवयीने उभी आहे. एचआरएचं म्हणजे घरभाडे भत्त्याचं बघ ना, जुन्या रेजिममध्ये वर्षानुवर्षं ५० टक्क्यांची मर्यादा फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला आणि बाकी सगळ्यांना ४० टक्के. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या पलीकडे राहणारा ५० टक्केवाला आणि अलीकडे ठाण्यात तेवढंच भाडं भरणारा ४० टक्केवाला. नियम बनला तेव्हा या सीमेला काही अर्थ असेल, आज ठाण्याचं भाडं भरणाऱ्याला विचार. अशी जागा मॉडेलमध्ये लगेच उघडी पडते, कारण "सारख्या माणसाला सारखा कर" ही अट घातली की सॉल्व्हर हाच नियम आधी मोडायला बघतो. मालमत्ता करातही तेच. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, म्हणजे ५०० चं घर आणि ५१० चं घर यांच्यात दहा फुटांचा फरक आणि बिलात पूर्ण बिलाचा. अशा कडेला लोक कसे गोळा होतात यावर शेजारच्या पाकिस्तानच्या आकड्यांवरून २०१३ मध्ये फार चांगला अभ्यास छापून आलाय, तिथे एक स्लॅब ओलांडला की पूर्ण उत्पन्नावरच नवा रेट लागायचा, त्यामुळे प्रत्येक सीमेच्या अलीकडे करदात्यांची टेकडी आणि पलीकडे खड्डा असं चित्र उमटलं होतं.

थिअरीकडे थोडं वळते, जास्त नाही. फ्रँक रॅम्सी नावाच्या केंब्रिजच्या मुलाने १९२७ मध्ये, वय फक्त २४, पहिल्यांदा हे गणित म्हणून मांडलं की ठरावीक महसूल वस्तूंवरच्या करातून गोळा करायचा तर लोकांचं कमीत कमी नुकसान कसं होईल. साध्या रूपात त्याचं उत्तर असं निघतं की महाग झाली तरी लोक ज्याची खरेदी कमी करत नाहीत त्यावर जास्त कर. सगळी माणसं सारखी धरली तर हे अचूक आहे. माणसं सारखी नसतात हे लक्षात घेतलं की तेच उत्तर भयंकर होतं, कारण महाग झालं तरी घ्यावंच लागतं ते मीठ, औषध आणि धान्य. आपल्या खाडीकाठी मिठागरं आहेत, मिठावरच्या कराने या देशात काय झालं ते सांगायला नको. पुढे अर्थशास्त्रज्ञ जेम्स मिर्लीज यांनी १९७१ मध्ये उत्पन्नावरच्या करासाठी प्रश्न सोडवला, ज्यात माणसांची कमावण्याची क्षमता वेगवेगळी आहे आणि ती सरकारला दिसत नाही, फक्त उत्पन्न दिसतं. १९९६ चं नोबेल विल्यम विकरी आणि त्यांना मिळून मिळालं. मिर्लीज डावीकडे झुकलेले, तरी त्यांच्या स्वतःच्या गणितातून रेट त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी आले आणि त्यांनी ते तसेच छापले, याबद्दल मला फार आदर आहे. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे उलटं चाललं होतं, १९७३-७४ ला सरचार्ज धरून सगळ्यात वरचा रेट ९७.७५ टक्के होता. वांछू समितीने तो खाली आणा असं त्याआधीच सांगितलं होतं कारण एवढ्या रेटला लोक काळा पैसा करतात, आणि पुढच्या वर्षी तो ७७ वर आला.

सगळ्यात वरचा रेट किती असावा यासाठी आज वापरलं जाणारं सूत्र लहान आहे. वरच्या लोकांकडून जास्तीत जास्त महसूल काढायचा असेल तर रेट बरोबर १ भागिले (१ अधिक ए गुणिले ई). ए म्हणजे वरच्या टोकाला उत्पन्न किती दाटीने पसरलंय त्याचं माप आणि ई म्हणजे इलॅस्टिसिटी, हातात उरणारा हिस्सा एक टक्क्याने वाढला तर लोकांचं दाखवलेलं उत्पन्न किती टक्क्यांनी वाढतं. अमेरिकेसाठी पीटर डायमंड आणि इमॅन्युएल साएझ यांनी २०११ मध्ये ए दीड आणि ई पाव घेतलं, उत्तर ७३ टक्के. ई अर्धा घे, ५७ टक्के. ए दोन आणि ई एक घे, ३३ टक्के. आता बघ, सगळं भांडण या एका ई वर येऊन थांबतं आणि तो ई निसर्गाने ठरवलेला नाही. कायद्यात पळवाटा जास्त असतील तर ई मोठा, पळवाटा बुजवल्या की तोच ई लहान होतो. म्हणजे रेट ठरवण्याआधी कराचा पाया रुंद केला, पळवाटा कमी केल्या, तर रेटच्या निवडीला जागा मिळते. मॉडेलमध्ये ई ला स्थिर आकडा समजून बसणारे लोक बघितले की मला काळजी वाटते.

ई मोजणंही सोपं नाही आणि याचं उदाहरण आपल्या दारातच घडलंय. कोविडमध्ये महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० पासून स्टॅम्प ड्युटी तीन टक्के पॉइंटने कमी केली डिसेंबरअखेरपर्यंत, आणि मग दोन पॉइंटने मार्च २०२१ पर्यंत. घोडबंदर रोडला, खारघरला, उलव्याला बिल्डरचे बोर्ड लागले, रजिस्ट्रार ऑफिसबाहेर रांगा लागल्या, डिसेंबर आणि मार्च या दोन महिन्यांत नोंदणीचे आकडे उसळले. आता कोणी तेवढा तुकडा घेऊन म्हणालं की ड्युटी तीन टक्क्यांनी कमी केली की व्यवहार एवढ्या पटीने वाढतात, तर ते चूक आहे. त्यातले बरेच जण पुढे सहा महिन्यांत घर घेणारच होते, त्यांनी तारीख अलीकडे ओढली. शिवाय ड्युटी भरून झाल्यावर नोंदणीला चार महिने मिळतात, त्यामुळे नोंदणीचा महिना आणि निर्णयाचा महिना एक नाही. सवलत थोड्या दिवसांची असते तेव्हा माणूस वेळ बदलतो, कायमची असते तेव्हा वागणं बदलतो, आणि ऑप्टिमायझेशनला दुसरा आकडा हवा असतो. पहिला टाकलास तर सॉल्व्हर आनंदाने सांगेल की ड्युटी शून्य करा, महसूल वाढेल.

जकातीचं सांगितल्याशिवाय ठाण्याच्या माणसाचं उत्तर पुरं होणार नाही. डायमंड आणि मिर्लीज यांचं १९७१ चंच अजून एक निष्पन्न आहे की सरकारकडे बाकीची साधनं असतील तर उत्पादनाच्या मधल्या टप्प्यांवर कर लावू नये, शेवटच्या खपावर लावावा, कारण मध्ये लावला की माल बनवायची पद्धतच वाकडी होते. जकात बरोबर उलट होती. भिवंडीहून निघालेला कच्चा माल शहराच्या हद्दीत शिरला की पैसे, तयार होऊन दुसऱ्या शहरात गेला की पुन्हा पैसे, आणि मुलुंड चेकनाक्याला, आनंदनगरला ट्रकच्या रांगा. लॉजिस्टिक्समध्ये असताना मी रूटच्या मॉडेलमध्ये नाक्यावरचा थांबा वेगळा टाकायचे, कारण तो धरला नाही तर वेळेचं सगळं गणित खोटं ठरायचं. त्या उभ्या ट्रकचा वेळ महापालिकेच्या हिशोबात कुठेच खर्च म्हणून दिसत नव्हता, तो व्यापाऱ्याच्या आणि शेवटी गिऱ्हाईकाच्या अंगावर होता. नंतर २०१३ मध्ये ठाण्यात आणि नवी मुंबईत एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी विरोध केला, २०१५ च्या ऑगस्टपासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला तो माफ झाला आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली. जीएसटीमधलं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेला कर वजा करून मिळणं, हे त्या १९७१ च्या गणिताचंच रोजच्या वापरातलं रूप आहे. जिथे क्रेडिटची साखळी तुटते, जसं हॉटेलच्या ५ टक्क्यांत क्रेडिट मिळत नाही, तिथे जुना दोष थोडा परत येतो, पण त्या बदल्यात लहान हॉटेलवाल्याची हिशोबाची कटकट वाचते. हा सौदा योग्य आहे का हे तपासायचं तर हिशोब ठेवण्याचा खर्चही ऑब्जेक्टिव्हमध्ये रुपयांत लिहायला हवा. बहुतेक मॉडेलमध्ये तो लिहिलेला नसतो आणि हा मला मोठा दोष वाटतो.

आता सॉल्व्हरचा खरा उपयोग कुठे झाला ते सांगते. एका महापालिकेच्या मालमत्ता कराच्या मॉडेलवर आम्ही काम करत होतो. मागण्या अशा होत्या की एकूण वसुली वाढली पाहिजे, लहान घरांना माफी हवी, आणि कोणाचंही बिल एका ठरावीक टक्क्यापेक्षा जास्त वाढायला नको. आम्ही रन केलं, इन्फीझिबल. तिथे थांबलो असतो तर "तुमचं मॉडेल चालत नाही" एवढंच ऐकून घ्यावं लागलं असतं. पण सॉल्व्हरकडून एकमेकांत अडकलेल्या अटींचा सगळ्यात लहान गट काढून घेता येतो, म्हणजे यातली कुठलीही एक सोडली की मार्ग निघतो. आम्ही तेवढ्या तीन ओळी आणि प्रत्येक ओळ किती सैल केली तर किती वसुली येते एवढंच कागदावर नेलं. त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा कोणी "मॉडेल काय म्हणतं" असं विचारलं नाही, ते आपापसात बोलायला लागले की माफीची मर्यादा खाली आणायची की वाढीची मर्यादा वर न्यायची. निर्णय त्यांनी घेतला, त्यांचाच होता, आणि तो घेताना पलीकडे काय जातंय हे त्यांना माहीत होतं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी अशा पद्धतीने ठरवावं असं मला फार वाटतं, आणि म्हणून "सगळं सॉल्व्हरवर सोडा" हे म्हणणं मला पटत नाही.

यातून अजून एक काम निघतं, उलटं गणित. आजचा कर हाच कोणाच्या तरी मते उत्तम आहे असं धरायचं आणि कुठल्या गटाच्या रुपयाला किती वजन दिलं तर हा कर उत्तम ठरेल ते काढायचं. बहुतेक ठिकाणी वजनं समजण्यासारखी येतात, खाली जास्त, वर कमी. पण जिथे मार्जिनल रेट १०० च्या वर जातो, तिथे कुठलंच शहाणं वजन बसत नाही, कारण तिथे रेट कमी केला तर करदात्याचंही भलं होऊ शकतं आणि कमावणं वाढल्यामुळे सरकारचंही. अशा जागा दिसल्या की त्यावर डावं-उजवं भांडण करायची गरज नाही, त्या दुरुस्त करायच्या.

तुला स्वतः करून बघायचं असेल तर थेट ऑप्टिमायझेशनला हात घालू नकोस. आधी नव्या रेजिमचं कॅल्क्युलेटर पायथॉनमध्ये लिही, रिबेट, मार्जिनल रिलीफ, सरचार्ज, सेस सगळं धरून. ५ लाखांपासून ६० लाखांपर्यंत टॅक्सेबल उत्पन्न हजार-हजारने वाढव आणि प्रत्येक पायरीला पुढच्या हजारातले किती गेले ते ग्राफवर काढ. तुझा कोड बरोबर असेल तर दोन सुळके दिसायला हवेत, एक १२ लाखांपासून साधारण १२ लाख ७१ हजारांपर्यंत आणि दुसरा ५० लाखांपासून साधारण ५१ लाख ६१ हजारांपर्यंत, तिथे १० टक्के सरचार्ज सुरू होतो आणि पुन्हा तोच मार्जिनल रिलीफ लागतो. दोन्ही सुळके १०४ च्या उंचीचे. ते जमलं की स्लॅबच्या सीमा तशाच ठेवून रेट आणि रिबेटचा उतार एवढेच व्हेरिएबल घे, पल्प या पायथॉनच्या लायब्ररीत मांड, महसूल तेवढाच ही अट घाल आणि मार्जिनल रेटची मर्यादा १०० वरून पाच-पाचने खाली आणत जा. उत्पन्नाच्या गटांची संख्या इन्कम टॅक्स खात्याच्या आकडेवारीतून घे. प्रत्येक वेळी उत्तरापेक्षा आधी ड्युअलचा म्हणजे शॅडो प्राइसचा कॉलम बघ, आणि कुठल्या अटीचा आकडा अचानक उडी मारतो ती अट लिहून ठेव. आपण पुढे बसू ते त्या यादीवर.